मोझांबिक: आठ टक्के वाढीचं पुढे काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोझांबिकमधली यादवी १९९२ मध्ये संपली. पुढची वीसेक वर्षं तिथला जीडीपी दरवर्षी सरासरी सात-आठ टक्क्यांनी वाढला. नाणेनिधी आणि जागतिक बँक या देशाचं नाव यशस्वी उदाहरण म्हणून घेत होत्या. मग आजही तो जगातल्या सर्वांत गरीब देशांच्या यादीत कसा? आकडे खोटे होते का? आणि आता गॅस निघतोय म्हटल्यावर चित्र बदलेल का?

मी शेतमालाच्या व्यापारातला माणूस. तूर आणि काजू या दोन मालांच्या निमित्ताने उत्तर मोझांबिकशी माझा बरीच वर्षं संबंध आहे. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

आकडे खोटे नव्हते. पण पहिल्या दहा वर्षांतली वाढ आणि नंतरची वाढ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आलेखावर त्या सलग दिसतात, तिथेच वाचणारा फसतो.

सुरुवात किती खालून झाली ते आधी बघा. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि वर्ष-दोन वर्षांत दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्याबरोबर मेकॅनिक गेले, इंजिन ड्रायव्हर गेले, हिशेबनीस गेले. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गावोगावची कँटिना, म्हणजे छोटी दुकानं, बंद पडली. हा दुकानदार शेतकऱ्याचा मका, शेंगा, काजू घ्यायचा आणि त्याला मीठ, कापड, रॉकेल द्यायचा. तो उठला तसा शेतकऱ्याने विकण्यापुरतं पिकवणंच सोडलं. निरक्षरता ९० टक्क्यांच्या वर. त्यात ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) हेरखात्याने उभी केलेली आणि पुढे दक्षिण आफ्रिकेने पोसलेली रेनामो विरुद्ध सत्तेवरची फ्रेलिमो अशी लढाई १९७७ पासून पंधरा वर्षं चालली. लढाई आणि दुष्काळ मिळून सुमारे १० लाख माणसं गेली, सुमारे १७ लाख शेजारच्या देशांत निर्वासित झाली, देशातल्या देशात विस्थापित झालेली त्याहून जास्त. शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग हे ठरवून लक्ष्य केले गेले.

४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे नेते द्लाकामा यांच्या शांतता करारावर सह्या झाल्या आणि माणसं मलावीच्या छावण्यांतून चालत घरी आली. कुदळ हातात घेतली, मका आणि कसावा लावला. ही पहिली वाढ. यात धोरणाची हुशारी फार शोधू नये. बंदुका थांबल्या, पेरणी झाली. पण म्हणून ती नकली ठरत नाही. १९९६-९७ च्या पाहणीत ६९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २००२-०३ मध्ये ते ५४ टक्क्यांवर आले. लोकांच्या पोटात अन्न गेलं, याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

आता २००८-०९ ची पाहणी बघा. गरिबी ५४.७ टक्के. मधल्या काळात जीडीपी सातच्या आसपास टक्क्यांनी वाढतच होता, आणि गरिबी जागची हलली नव्हती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या सहा वर्षांत आहे.

त्या वर्षांत वाढत काय होतं? सर्वांत ठळक नाव मोझाल. राजधानी मापुटोजवळचा हा ॲल्युमिनियमचा कारखाना २००० मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच क्षमता दुप्पट होऊन वर्षाला पाच लाख टनांच्या वर गेला. निर्यातीचा आकडा एकदम फुगला, जीडीपीतला कारखानदारीचा वाटा वर गेला. शेतीतून कारखानदारीकडे जाणं याला अर्थशास्त्रात संरचनात्मक बदल म्हणतात; कागदावर तो झालेला दिसला. पण आत काय चाललं होतं? ॲल्युमिना हा कच्चा माल ऑस्ट्रेलियाहून जहाजाने यायचा. वीज एस्कॉम या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वीजकंपनीकडून यायची. धातू बाहेर जायचा. करमुक्त क्षेत्र असल्याने सरकारला उलाढालीचा जेमतेम एक टक्का. थेट नोकऱ्या हजाराच्या आसपास. विजेची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. झांबेझी नदीवरचं काहोरा बासा हे २,०७५ मेगावॉटचं धरण मोझांबिकच्याच तेते प्रांतात आहे, पण तिथून निघालेली मुख्य वाहिनी थेट दक्षिण आफ्रिकेत जाते. राजधानीला स्वतःच्या धरणाची वीज शेजाऱ्याच्या तारांवरून फिरून मिळते. वसाहतकाळात आखलेलं हे जाळं आजवर बदललेलं नाही. मोझालचा वीजकरार २०२६ च्या मार्चपर्यंतचा, आणि परवडणाऱ्या दरात पुढची वीज मिळत नाही म्हणून कारखाना थांबवून ठेवण्याची तयारी मालक कंपनीने २०२५ मध्येच जाहीर केली. पंचवीस वर्षं ज्याच्या जोरावर 'औद्योगिक वाढ' दाखवली, ती एका वीजबिलावर उभी होती.

आता काजू. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा देश कुठल्या वळणावर चुकला ते काजूइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

ब्राझीलमधून काजू पोर्तुगिजांनीच आणला, गोव्यातही आणि मोझांबिकमध्येही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी. युद्धात ते साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं. झाडं म्हातारी झाली, नवी लागवड बंद, भुरी रोगावर गंधक मारायला कोणी नाही. शांतता आली तेव्हा प्रक्रियेचे कारखाने सरकारी होते आणि कच्च्या बीच्या निर्यातीवर भारी कर होता, म्हणजे बी देशातच फोडली जावी. सरकारने १९९४-९५ च्या सुमारास कारखाने स्थानिक व्यापाऱ्यांना विकले. त्याच वेळी जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून तो कर उतरवायला लावला, आणि एक-दोन वर्षांत तो १४ टक्क्यांवर आला. कारखाने घेतलेल्यांना वाटलं होतं की संरक्षण राहील. राहिलं नाही.

बँकेचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. कारखाने अकार्यक्षम आहेत, शेतकऱ्याला भाव पडून मिळतो, बाजार खुला करा म्हणजे भारतीय खरेदीदार जास्त देतील. भारताला बी हवीच होती. आपला हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो, तिकडचा ऑक्टोबरला. कोल्लम, मंगळूर आणि पुढे कोकणातल्या, चंदगडकडच्या कारखान्यांनाही आपला हंगाम नसताना चालू राहायला आफ्रिकन बी लागते. झालं काय? २००० च्या आसपास मोझांबिकचे मोठे कारखाने बंद पडले आणि दहा हजारांच्या घरात कामगार घरी बसले. त्यात निम्म्याच्या आसपास बायका होत्या. आणि शेतकऱ्याचा फायदा? नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा सरासरी काजू-उत्पादक कुटुंबाच्या पदरात वर्षाला ५ डॉलरच्या आसपास पडत होते. बाकीचं मधल्या मध्ये.

ते कसं, हे बागेजवळच कळतं. नामपुला प्रांतात अंगोशे, मोगिंकुआल या बाजूला शेतकऱ्याकडे दोन-चार पोती बी असते. मोठा व्यापारी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो सायकलवाला नाहीतर टपरीवाला. त्याच्याकडे कधी तागडी असते, कधी नुसता डबा. बी ओली असली तरी तो घेतो आणि भाव त्या हिशेबाने पाडतो. मग ती दोन-तीन हात बदलून गोदामात येते. तिथे नमुना काढतात, बी उभी कापतात, चांगला गर, डागी, बुरशी लागलेला, पोकळ असे ढीग करून वजन करतात आणि ८० किलोच्या पोत्यामागे किती पाउंड गर निघेल तो आउटटर्न काढतात. मोझांबिकची बी साधारण ४५ च्या आसपास बसते. गिनी-बिसाउची पन्नाशी ओलांडते. बोटीचा भाव या एका आकड्यावर ठरतो. शेतकऱ्याने मात्र हा आकडा आयुष्यात ऐकलेला नसतो. नीट वाळवलेल्या आणि न वाळवलेल्या बीला त्याला सारखाच भाव. मग तो वाळवेल कशाला? निर्यातकर काढल्याने या साखळीतलं काहीही बदलणार नव्हतं, कारण काटा मारणारा गावातच होता.

तेव्हाचे कारखाने चांगले होते असं मी म्हणत नाही. अवजड परदेशी यंत्रं, तुकडा फार पडायचा, देखभालीची बोंब. पण ते सुधारायला वेळ देणं वेगळं आणि एका फटक्यात दार उघडणं वेगळं. १९९९ मध्ये संसदेने कायदा करून कच्च्या बीवर पुन्हा १८ ते २२ टक्के कर बसवला आणि हळूहळू नामपुलाच्या बाजूला लहान कारखाने उभे राहिले. गंमत म्हणजे त्यांनी तंत्र उचललं ते भारतातलं: बी वाफवायची आणि हात-पायाने चालणाऱ्या कातरीवर माणसाने फोडायची. अख्खा गर जास्त निघतो आणि माणसं जास्त लागतात. युद्धानंतरच्या देशाला नेमकं हेच हवं असतं.

ज्यांना वाटतं की हे असंच होणार होतं, त्यांनी व्हिएतनामकडे बघावं. तोही युद्धातून होरपळून निघालेला देश. काजूत तो मोझांबिकच्या खूप नंतर आला, प्रक्रियेत जिद्दीने उतरला आणि २००६ मध्ये काजूगर निर्यातीत भारताच्याही पुढे गेला. आज आफ्रिकेची बी तिकडेही जाते.

मोझांबिकच्या आतलंच उलट उदाहरण साखरेचं. मारोमेऊ, माफांबिसे, शिनावाने, मारागरा हे जुने ऊसमळे आणि कारखाने युद्धात मोडून पडले होते. सरकारने आयात साखरेवर चढउतार होणारा कर लावून देशी साखरेला आधार दिला. नाणेनिधीने तोही काढायला सांगितलं, पण या वेळी सरकार हटलं नाही. मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिकेतून भांडवल आलं, कारखाने उभे राहिले, हजारोंना काम मिळालं. आपल्याकडच्या साखरसम्राटांना ही कथा फार आवडेल, पण त्यातून 'संरक्षण नेहमीच चांगलं' असा अर्थ काढू नका. काजू आणि साखर, दोन्हीकडे पडझड सारखी होती. साखरेत गुंतवणाऱ्याला बरीच वर्षं टिकणारी खात्री मिळाली, काजूत करार केल्यावर नियम बदलले.

आता तूर. इथे भारत थेट कथेत येतो, आणि लातूर-अकोलाही.

तूर झांबेझिया आणि नामपुला या प्रांतांतला शेतकरी मक्यात मिसळून लावतो. घरात फारशी खात नाहीत, पीक जवळजवळ पूर्ण विक्रीचं. तिकडे काढणी जुलैपासून, आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आपल्या गिरण्या रिकाम्या असताना त्यांचा माल न्हावा शेवाला लागतो. वाशीच्या बाजारात गजरी, मटवारा, अरुषा अशा नावांनी आफ्रिकन तूर ओळखली जाते; गजरी ती मोझांबिकची. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलोकडे गेली तेव्हा दिल्ली हादरली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मापुटोला गेले आणि करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. गुरुए, मोकुबा, मिलांजे भागात शेतकऱ्यांनी तूर वाढवली.

आणि त्याच हंगामात आपल्याकडे विक्रमी पीक आलं. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही, हमीभाव ५,०५० आणि बाजारात त्याच्या खूप खाली. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा सरकारी करार त्यातून वगळला होता, पण बाजाराला करारापेक्षा धास्ती मोठी. व्यापाऱ्यांनी हात आखडले आणि झांबेझियात भाव असा पडला की काही ठिकाणी तूर काढण्याची मजुरीही सुटेना. त्या वर्षी लातूरचा शेतकरी आयातीला शिव्या घालत होता आणि गुरुएचा शेतकरी भारताला. दोघांच्याही बाजूने बोलता येतं. मे २०२१ पासून आयात पुन्हा खुली झाली, भाव सावरले.

एका पिकाचं एकच गिऱ्हाईक, आणि तेही परदेशातलं सरकार: हे चांगलं रोख पीक आहे, पण याला संरचनात्मक बदल म्हणता येत नाही. बहुतेक माल अख्खी तूर म्हणून निघतो. भरडणं, पॉलिश, चुनी, पॅकिंग सगळं इकडे. माझा धंदाच त्यावर चालतो, तेव्हा हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण मापुटोत धोरण ठरवणारा मी असतो तर पहिली गोष्ट हीच बदलायला घेतली असती. सोपं नाही. नामपुलात गिरणी चालवायची तर वीज बेभरवशाची, व्याजदर परवडत नाहीत, सुटा भाग हवा तर बाहेरून मागवा. आणि परवान्यांचे खेळ: २०२३ च्या अखेरीस निर्यातदारांच्या आपसातल्या वादात नाकाला बंदरात तूर अडकून पडली, तेव्हा सर्वांत आधी शेतावरचा भाव मोडला.

रस्त्यांचंही तेच. या देशाचे सगळे चांगले मार्ग आडवे आहेत: मापुटो ते जोहान्सबर्ग, बैरा ते झिंबाब्वे, नाकाला ते मलावी. आतल्या देशांचा माल समुद्रावर न्यायला पोर्तुगिजांनी आखलेले. उत्तर-दक्षिण जोडणारा एकच मुख्य रस्ता, त्यावर काइयाजवळ झांबेझी ओलांडायला २००९ पर्यंत पूलसुद्धा नव्हता, फेरीबोटीची वाट बघत ट्रक दिवसदिवस उभे. शेतातले सुरुंग काढून संपले २०१५ ला, शांतता करारानंतर तेवीस वर्षांनी. त्यामुळे उत्तरेत मका सडतो आणि मापुटोचं गिऱ्हाईक दक्षिण आफ्रिकेचा मका खातं, हे दृश्य नवलाचं नाही.

कोळसा आणि गॅसबद्दल लवकर सांगतो, कारण गोष्ट ओळखीची आहे. तेते प्रांतातल्या मोआतीझचा कोळसा २०११ पासून निघू लागला. रिओ टिंटोने तिथली खाण सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली आणि २०१४ मध्ये आपल्या सरकारी कंपन्यांच्या आयसीव्हीएलला ५ कोटी डॉलरला विकली. शून्य मोजून बघा. उत्तर टोकाला समुद्रातल्या रोवुमा खोऱ्यात २०१० पासून प्रचंड गॅस सापडत गेला. त्यातला दहा टक्के वाटा औरंगाबादच्या व्हिडिओकॉनकडे होता, तो ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने सुमारे अडीच अब्ज डॉलरला घेतला. गॅसच्या आशेवर त्या वेळच्या सरकारने टुना मासेमारीच्या बोटी आणि किनारा-सुरक्षा यांच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं, बराचसा भाग संसदेपासून लपवून. एप्रिल २०१६ मध्ये ते फुटलं. नाणेनिधी आणि देणगीदारांनी हात काढला, मेटिकल हे तिथलं चलन कोसळलं, वाढ निम्म्यावर आली आणि नंतर ती जुन्या वेगाला कधी पोचलीच नाही. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ पासून, गॅस असलेल्या काबो देल्गादो प्रांतातच बंडखोरी पेटली होती. मार्च २०२१ मध्ये गॅस प्रकल्पाजवळच्या पाल्मा गावावर हल्ला झाला आणि प्रकल्प उभारणाऱ्या टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीने काम थांबवलं, ते साडेचार वर्षं.

मग या सगळ्या काळात माणसं गेली कुठे? शेतीतला माणूस कमी झाला हे खरं. युद्ध संपलं तेव्हा दहातले आठ-नऊ हात शेतीत होते, आता सातच्या आसपास. पण ते हात कारखान्यात गेले नाहीत. पक्क्या कारखान्यातली नोकरी शंभरात तीन-चार जणांना. बाकीचे शहराच्या कडेला टोमॅटो, मोबाइलचं रिचार्ज, जुने कपडे विकतात, चापा नावाच्या मिनीबसवर कंडक्टर होतात, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरून बटाटे-कांदे आणून विकतात. शेतीपेक्षा दोन पैसे जास्त मिळतात, पण एकाची कमाई दुसऱ्याच्या गिऱ्हाइकीतून कापलेली. २००८ मध्ये चापाचं भाडं वाढलं तेव्हा मापुटो पेटलं, २०१० मध्ये पाव महागला तेव्हा पुन्हा. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर जी पोरं निषेधाला रस्त्यावर आली, त्यांतल्या बहुतेकांनी यादवी पाहिलेलीच नाही. त्यांना शांततेचं कौतुक सांगून काय उपयोग?

संरचनात्मक बदल झाला की नाही हे मी अशा देशात जीडीपीवरून ओळखत नाही. शेत सोडलेला माणूस कुठल्या कामाला लागला, त्या कामातून दिवसाला किती माल निघतो, आणि शेतात मागे राहिलेल्याचं एकरी पीक वाढलं का, एवढंच बघतो. मोझांबिकचा छोटा शेतकरी अजून कुदळीवरच आहे, खत जवळजवळ शून्य, मक्याचा उतारा हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतो. १९९७ चा जमीन कायदा मात्र चांगला आहे: जमीन सरकारची, पण परंपरेने कसणाऱ्याचा हक्क कागदाशिवायही मान्य. नाकाला पट्ट्यात जपान-ब्राझीलच्या मदतीने मोठी व्यापारी शेती आणायचा बेत होता, तो शेतकरी संघटनांच्या विरोधाने २०२० मध्ये गुंडाळला गेला. मला तो विरोध पटतो. कारखान्यात जागा नसताना माणसाला जमिनीवरून उठवलं, तर तो फुटपाथवरच येणार.

गॅसने चित्र बदलेल का? कोराल सुल हे तरंगतं जहाज नोव्हेंबर २०२२ पासून गॅस द्रवरूप करून निर्यात करतंय, जमिनीला पाय न लावता. मोझालसारखंच, फक्त समुद्रात. टोटलने नोव्हेंबर २०२५ मध्ये काम पुन्हा सुरू करायचं ठरवलं, तो प्रकल्प जमिनीवर आहे. बांधकामात काही वर्षं नोकऱ्या मिळतील, नंतर कमी होतील. मोठा पैसा येईल तो सरकारी तिजोरीत. २०२३ च्या अखेरीस सार्वभौम निधीचा, म्हणजे गॅसचा पैसा पुढच्यासाठी बाजूला ठेवणाऱ्या सरकारी निधीचा, कायदा झाला: पहिली पंधरा वर्षं गॅसच्या उत्पन्नातले ४० टक्के निधीत, ६० टक्के अर्थसंकल्पात. चर्चा सगळी त्या चाळीस टक्क्यांची होते. मी साठ टक्क्यांकडे बघतो आहे: झांबेझियातले आडरस्ते बारमाही होतात का, तेतेची वीज थेट मापुटोपर्यंत पोचते का, आणि काजूच्या म्हाताऱ्या झाडांच्या जागी कलमं लागतात का. कलमाला बी धरायला तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा निदान काजूचं उत्तर आपल्याला २०३० च्या आसपास आउटटर्नच्या आकड्यातच मिळेल.